दुसरी खाच

डुलुथमध्ये जानेवारी. उणे सत्तावीस.
सरोवरावरून वाफ उठतेय, चुलीवर विसरलेल्या पातेल्यासारखी,
आणि मी तळघरात
ऑर्विल लिंडक्विस्टच्या डेस्कटॉपचं पोट उघडून बसलेय.

आत धूळ, मांजराचे केस,
आणि मदरबोर्डवर दोन लांब काळ्या खाचा, शेजारी शेजारी.
एकीत प्रोसेसर, कंपासपेटीएवढा, पाठीवर पंखा.
दुसरीत नुसतं हिरवं कार्ड,
ज्यावर जवळजवळ काहीच नाही.

हे काय, मार्लिसनं जिन्यावरून विचारलं.
टर्मिनेटर, मी म्हटलं.
खाच मोकळी ठेवून चालत नाही.
सिग्नल मोकळ्या टोकावर आपटतो, परत येतो,
आणि जो काम करतोय त्याच्या कानात घुमत राहतो.
ती काही बोलली नाही.
ड्रायरचं दार उघडलं, आत कपडे नव्हते, बंद केलं.

ऑर्विल खनिजाच्या धक्क्यावर इंजिनिअर.
निवृत्तीनंतरही बर्फाला भोकं पाडून जाडी मोजायचा
आणि रात्री त्या आकड्यांवरून काढायचा
खाडी कधी फुटेल त्याची तारीख.
दोन खाचांचा बोर्ड त्यानं हौसेनं घेतला होता.
दुसरा प्रोसेसर तेव्हा सहाशे डॉलर.
पुढच्या वर्षी, म्हणायचा.
पुढच्या वर्षी छप्पर गळलं.
त्याच्या पुढच्या वर्षी मार्लिसचा गुडघा.
मग तो प्रोसेसर बनायचाच बंद झाला.

मला अकरा डॉलरला मिळाला.
टल्साच्या कुणीतरी लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवला,
लोकरीत, या कोरड्या हवेत!
एक ठिणगी पडती तर संपलंच होतं.
पण त्याआधी तीन आठवडे नुसता शोध:
पाचशेचा असून भागत नाही,
व्होल्टेज तेच, कॅश तेवढीच, आवृत्ती तीच,
लेबलावरची पाचही अक्षरं हुबेहूब.
माझ्या आईनं माझ्या वेळी
एकवीस गुणांवर भागवलं होतं.
ते राहू दे.

हिरवं कार्ड उपसलं. नवा जुना प्रोसेसर दाबला.
खट्. दुसऱ्या बाजूनंही खट्.
सिस्टिमला वेगळं सांगावं लागतं की आता दोघं आहेत,
तिला आपणहून कळत नाही.
मग पडद्यावर दोन चौकटी उघडल्या,
दोन हिरव्या रेषा तळाशी पडून.

मार्लिस खाली आली, कठड्याला धरून, एकेक पायरी.
मी ऑर्विलचा प्रोग्राम चालू केला.
एक रेष चढली, दुसरी झोपलेली.
जरा वेळानं दुसरी चढली
आणि पहिली आडवी झाली.
पुन्हा अदलाबदल. पुन्हा.
दोघी एकदम वर अशा नाहीतच.

मी ओशाळले. सांगायला लागले,
प्रोग्राम एकट्यासाठी लिहिलेला आहे,
कामाचे दोन वाटे करायला तो शिकलेलाच नाही,
त्यामुळे वेग काही…

तो पहाटे धक्क्यावर जायचा, मार्लिस म्हणाली,
मी रात्रपाळी करून यायचे. एकोणीस वर्षं.
गादी कायम ऊबदार असायची.
आणि हसली, दात न दाखवता.

पूर्वी एक्केचाळीस मिनिटं लागायची, त्याच्या वहीत लिहिलंय.
आजही एक्केचाळीस.
त्यानं भरलेले शेवटचे आकडे गेल्या मार्चचे.
उत्तर आलं: सतरा एप्रिल.
अठराला फुटली, ती म्हणाली.
मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिली.

मी स्क्रू गोळा केले, एक सापडला नाही.
झाकण लावताना टेबलावर ते हिरवं कार्ड राहिलेलं दिसलं.
आता याची गरज नाही, मी म्हटलं, टाकून देऊ?

आण इकडे, म्हणाली,
आणि स्वेटरच्या खिशात घालून
एकेक पायरी वर गेली.