फेक

एक किलो नऊशे ग्रॅम.
पंख फोमचे, नाकाशी कॅमेरा,
पोटाला तपकिरी टेप, तीन पदरी;
कारण उतरताना हा पोटावरच पडतो,
मातीत घसपटत,
लग्नातून पिऊन आलेल्या काकासारखा.

मी ओरिस्या. माझं काम फेकणं.
बघायचं काम उस्तिमचं. तो खंदकात
गुडघ्यांवर पडदा घेऊन बसतो, डोक्यावरून घोंगडी ओढून.
मी वर, उघड्यावर,
चिमूटभर गवत सोडून वारा कुठला ते बघते.

"हात नाही फेकत, पोरी, टाच फेकते,"
फेदिर पानासोविच ओरडायचे मैदानाच्या कडेनं.
सहाशे ग्रॅमचा भाला, एक्कावन्न मीटर चाळीस,
जिल्ह्यात दुसरी.
टोक गवतात रुतलं की
टेप घेऊन धावत सुटायची दोन किरकोळ पोरं.
आता कोणी अंतर मोजत नाही.
भाला पडेल तिथं थांबायचा माझ्यासाठी.
हा सुटतो तो आधी जरा खाली बसतो
(त्या क्षणाची अजून सवय नाही झाली मला),
मग पंखा हवेत दात रोवतो
आणि जातो.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.
म्हणून रात्री दोन बॅटऱ्या स्वेटरच्या आत घेऊन निजते,
एक डाव्या कुशीला, एक उजव्या.
उस्तिम म्हणतो, जुळं झालं तुला.
म्हणू दे.

पडद्याकडे मी बघत नाही. ठरवून.
फेकणाऱ्यानं रेषेपुढे पाऊल टाकायचं नसतं.
टाकलं की फाउल, लाल निशाण,
कितीही लांब गेलेली असो फेक.

त्या गुरुवारी धुकं उशिरा उठलं.
कामाचं सगळं बघून झालं होतं, बॅटरीत अकरा मिनिटं उरली होती.
मी खंदकाच्या तोंडाशी वाकून म्हटलं,
नदीपलीकडे, तेर्निव्का,
शाळेमागून तिसरं घर, निळं कुंपण.
उस्तिमनं का म्हणून विचारलं नाही.
घोंगडीचं एक टोक फक्त वर धरलं.

कुंपण आता निळं नव्हतं,
का वरून रंगच कळत नाहीत, कोण जाणे.
अक्रोड मात्र माजलाय.
विहिरीपाशी एक ठिपका.
ठिपक्याच्या हाताशी आणखी बारका ठिपका, बादली.

माझ्या आईचा डावा कान लहानपणीच गेला.
त्या ठिपक्यानं मान कलती केली,
उजवा कान आभाळाला दिला
आणि मी ओळखलं.
चेहरा नव्हताच,
नुसतं डोकं, रुमाल बांधलेलं,
आणि तो कल.

वर कोण आहे हे तिला कसं कळावं?
आमचा काय, त्यांचा काय, आवाज एकच,
शेजारी कोणी शिवणयंत्र चालवावं तसा.
तिनं बादली खाली ठेवली.
धावली नाही.
उन्हातून सावलीत जावं तशी अक्रोडाखाली गेली
आणि सात मिनिटं
बाहेर आली नाही.

माझ्या हातून सुटलेल्या वस्तूला भिऊन
आई झाडाआड उभी.
इतकी लांब फेक
मी कधीच केली नव्हती.

उस्तिमनं वहीत लिहिलं:
नऊ बेचाळीस. एक वृद्धा. हत्यार नाही.
दोन वर्षांत आईची खुशाली आली ती एवढी,
तीही परक्या अक्षरात,
पेन्सिलीनं.

"बादली भरलेली होती का?" मी विचारलं.
"तेवढं दिसत नाही यातून," तो म्हणाला.

सूर्यफुलांच्या वाळक्या खुंटांत तो येऊन पडला,
एक पंख निखळून बाजूला. निखळायचाच असतो,
म्हणजे मोडत नाही.
पोटाखाली हात घातला तर ऊन लागलं.
माती पुसली. टेपचा चौथा पदर लावला.
गवत उपटून सोडून बघितलं:
वारा पलीकडूनच येत होता,
तोंडावर.
फेकायला असाच लागतो.