चारच बोटं

बेसा रोडच्या पुढे, जिथे डांबर संपून मुरूम लागतो,
तिथे मी एकशे बारा प्लॉट पाडले.
चुन्याच्या रेघा, कोपऱ्याला दगड,
दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने आकडा.
सत्तेचाळीसवर तो बसलेला.
मी म्हणालो, सरडा.

चौकीदार मरसकोल्हे हसला.
"सरडा त थो कडुलिंबावर आहे जी, लाल गळ्याचा,
मान हालवते, साऱ्याइले हो म्हणते.
हा अलग आहे. याची बोटं मोजा."

मी मोजणीतला माणूस.
साखळी झाली, टेप झाला, आता हे जीपीएसचं मशीन.
दोन भावांमधला बांध
वीतभरही सरकू दिला नाही कधी.
पण बोटं कोण मोजतं,
तीही करंगळीएवढ्या जिवाची,
पंचेचाळीस डिग्रीत, उकिडवं बसून?

एक. दोन. तीन. चार.
मागच्या पायाला पाचवं नाहीच.

मग त्याने गळ्याखालची घडी उघडली,
ट्रेसिंग पेपर उघडावा तशी, एका झटक्यात:
निळं, निळ्याशेजारी काळं, कडेला विटेचा रंग.
कुणासाठी, ते दिसलं नाही.
मिटली. पुन्हा उघडली.
आणि पळाला तो मागच्या दोन पायांवर,
हात छातीशी धरून,
एसटी सुटलेल्या माणसासारखा.

तेव्हापासून मी वही उलटी धरून मागून लिहितो.
विटांच्या चट्ट्यात सापसुरळी:
डोकं कुठे संपतं, मान कुठे लागते, कळत नाही,
अंगाला तेल चोपडल्यागत.
मरसकोल्हेची शेवंता हातातला झाडू मागे घेते,
"सापाची मावशी होय, बसू द्या."
पंपाच्या खोलीबाहेर, बल्बखाली, पाल:
पापणी नाही, जिभेनं डोळा पुसते.
नाल्याकाठी घोरपड, एकदाच.
शेपूट आधी पाहिली की जीभ, आठवत नाही.
समोर लिहिलं: नक्की नाही.
चूक खोडायची नाही, शेजारी लिहायची,
हे मोजणीनेच शिकवलं.

रविवारी बारापात्रे मास्तर आले, सहकुटुंब.
ईशान्य बघितली, बोअरला पाणी किती फुटांवर, विचारलं,
सत्तेचाळीस पसंत केला.
त्यांच्या नातीने दगडाकडे बोट दाखवलं:
"हा कोण आहे?"
"सरडा गं," मास्तर म्हणाले, "चल सावलीत."
मी टोकनची पावती लिहीत होतो.
बोलायला हवं होतं.
पावतीवर शाईचा ठिपका पडला, तेवढाच.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
हा सरडा नव्हे, आणि कुंपण अजून यायचंय.
तारेची गाडी सोमवारी.

रात्री मानेवाड्याच्या खोलीत
कूलर पाण्यावाचून घरघरत होता.
तक्त्यात एक रकाना असतो:
प्रत्यक्ष वहिवाट कोणाची.
तिथे पेन्सिल टेकवली, उचलली.
आमच्या धंद्यात असली गंमत चालत नाही.

वही उलटी केली.
प्लॉट सत्तेचाळीस. नर, एक.
मागच्या पायाला बोटं चार.
मादी: दिसली नाही, असावी.
चतुःसीमा:

इथे थांबलो.
पूर्वेला काय लिहायचं, माहीत होतं. रस्ता, नऊ मीटर.
बाकीच्या तीन दिशा
त्यालाच विचारायला हव्यात,
सोमवारच्या आत,
सकाळी, दगड तापायच्या आधी.