सूट

अष्टमीला सराव नाही.
सकाळी सहाला भरती सुरूच्या मुळांपर्यंत येते,
किनारा दोरीएवढासुद्धा उरत नाही.
म्हणून माझं कॅलेंडर आता तिथींचं:
अवस, पुनव, आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस.
निवतीची वाळू तेव्हा पहाटे
चोपलेल्या खळ्यासारखी घट्ट.

सामान हातगाडीवरून नेते.
बर्फाच्या कारखान्यातलं निळं पिंप,
तळ आणि झाकण कापलेलं: हा बोगदा.
पोफळीच्या बारा काठ्या, दोन-दोन फुटांवर रोवायच्या.
फुटक्या होडीची फळी, वर काथ्या ठोकलेला,
नखं घसरू नयेत म्हणून.
आणि खिशात सुकट.
हल्ली बँकेत गेले तरी मांजरं मागे येतात.

ती साडेचार किलोची. नाव चिंगळी.
एक कान उभा, एक पडलेला.
बोगद्यात सांगायच्या आधी शिरते,
सांगितल्यावर दुसऱ्यांदा शिरते,
मग स्वतःच्या खुशीने, हिशेबाबाहेर, तिसऱ्यांदा.

इनासमामा पालथ्या घमेल्यावर बसतात.
एकवीस वर्षं बंदरावर कस्टमची कुत्री धरलेले हात
आता नुसते काठीवर.
ते चिंगळीकडे बघतच नाहीत.
माझ्याकडे बघतात.
"तोंडान डावीकडे सांगतंस गो, खांदो उजवीकडे.
त्या चेडवान कोणाचा ऐकूचा?"

त्या दिवसापासून मी खांदे शिकते आहे.
भाकरी थापताना. कारखान्यात लाद्या मोजताना
पायाचा अंगठा कुठे वळतो ते बघते.
अंगात इतकं खोटं बोलणं साठलेलं,
आणि कुणी एका शब्दाने टोकलं नव्हतं.
नवऱ्याला "हो" म्हणताना मी कुठे वळलेली असायचे
हे आता कुणाला विचारणार;
तो मस्कतला आहे.

वासाचा खेळ मात्र तिचाच.
बारा करवंट्या पालथ्या,
एकीखाली लवंगेच्या तेलाचं बोट पुसलेली चिंधी.
ती वाऱ्याला आडवी धावते, नाक वर,
आणि मध्येच मान मुरडते,
जणू कुणी घरातल्या नावाने हाक मारली.
सातवी करवंटी. समोर बसते.
पलीकडे तारल्यांचं वाळवण पसरलेलं,
साऱ्या गावाच्या त्या दर्पातून तिने
एक थेंब निवडून काढलेला.
इथे मी काही शिकवलं नाही.
इथे मी फक्त जवळा देणारी बाई.

अवघड आहे ते बसणं.
"थांब" म्हणून पाठ करायची, तीस पावलं जायचं,
आणि मी "सूट" म्हणेपर्यंत तिनं सुटायचं नाही.
पहिल्या महिन्यात दोन पावलं.
गणपतीपर्यंत नऊ.
एकदा एक कुर्ली तिच्या मिशांखालून तिरकी गेली
आणि सगळं शिक्षण तिच्यामागे बिळात.
कोल्हापूरच्या स्पर्धेची फी भरून झाली आहे.
सतरा तारीख.

काल अवस.
"थांब" म्हटलं. तीस पावलं गेले.
वळणार तोच रापणीवरून हाक आली,
दोराला माणूस कमी होतं.
दोर हातात आला की वेळ हातात राहत नाही.
ओढलं. पाय रुतवून ओढलं.
जाळ्यात थोडा बांगडा, बाकी शेवाळ,
आणि त्यावरून दोघांची बाचाबाची,
ती मीच मिटवत होते,
तेव्हा घमेल्यावर काठी वाजली.

मामा काही बोलले नाहीत. काठी समोर केली.

पाणी केव्हाच मागे वळलं होतं.
तिच्या पोटाला लागत होतं.
एक कान उभा, एक पडलेला,
अंगभर थरथर,
बूड जागेवर.
मामांनी बोलावलं असतं तरी उठली नसती.
शब्द माझ्यापाशी होता.
दोर ओढताना मी तो कुठेतरी ठेवून दिला होता.

दोन्ही खांदे तिच्याकडे केले.
मग गुडघे. मग पायाचे अंगठे.
तोंड उघडलं,
आणि दोन अक्षरं
घशातून लवकर निघेनात.