साकानाई

हाचिनोहेच्या धक्क्यावर पहाटे चारपासून मी माकूळ साफ करते.
पोट चिरायचं, शाईची पिशवी न फोडता अलगद ओढायची.
एकतीस वर्षांत हाताला काही सांगावं लागलेलं नाही.
संध्याकाळी साडेपाचला रात्रशाळा.
तिथे याच हाताला काही म्हणता काही आठवत नाही.

साइन अल्फा कॉस बीटा अधिक... फळ्यावर आलं
आणि आम्ही अकरा जण भिजल्या मांजरासारखे गप्प.
माझ्या बाकावरचा कानाता, सतरा वर्षांचा,
पेट्रोल पंपाच्या गणवेशात, तोंड उघडं टाकून झोपलेला.
सेगावा सरांनी खडू ठेवला. हात झटकले.
म्हणाले, "साइता कोसुमोसु, कोसुमोसु साइता."

फुलला कॉसमॉस, कॉसमॉस फुलला.
साइन कॉस, कॉस साइन.
अधिकचं चिन्ह म्हणजे मधे घेतलेला श्वास.

मला हसू आलं. एवढ्यासाठी घाबरत होते?

"आणि कॉसचं?" कुणीतरी विचारलं.
"कोसुमोसु कोसुमोसु, साकानाई साकानाई."
कॉसमॉस कॉसमॉस, फुललाच नाही, फुललाच नाही.
वजाचं चिन्ह त्या नाहीत लपवलेलं.
कुणी लपवलं, सरांना ठाऊक नव्हतं.
त्यांना त्यांच्या सरांनी दिलं होतं, तसंच, फुकट.

तेव्हापासून माझ्या सुरीला ताल आला.
साइता, चीर. कोसुमोसु, ओढ.
शेजारची मिनेको म्हणाली, तोमिए-सान, मंत्र कसला म्हणताय?
म्हटलं, बागकाम.

टॅनचं मात्र बसेना. त्यात अपूर्णांक.
आमच्याकडे अपूर्णांक खालून वर वाचतात,
आधी ज्याच्यावर उभं राहायचं ते, मग उभं राहणारा.
मी दर वेळी वरचा मजला आधी बांधायचे.

एकदा घंटेनंतर सरांना गाठलं.
"पण का नाही फुलला?"
सर थांबले. कोट काढून परत खुर्चीवर टाकला.
वर्तुळ काढलं, त्यात दोन त्रिकोण, एकावर एक कललेले,
म्हणाले, हा तुकडा जास्तीचा, तो इथून कापला जातो, बघा.
आणि मी बघितलं. शपथेवर सांगते, लख्ख दिसलं.
बसमधून उतरेपर्यंत सगळं पुसलं गेलं होतं.
साकानाई तेवढं राहिलं.

फेब्रुवारीत परीक्षा. कानाताची खुर्ची रिकामी.
प्रश्न तिसरा: पंचाहत्तर अंशाचा कॉस.
पंचेचाळीस अधिक तीस, इथवर हात चालला.
मग थांबला. फुलला, की नाही फुलला?
दोन्ही ओळी तोंडात इतक्या घोळल्या होत्या
की चव एकच लागत होती.

तेव्हा शिडी आठवली.
छतावरचा बर्फ काढताना आमचे हे ओरडायचे,
चार हात वर तर एक हात बाहेर, तोमिए!
नाहीतर मी खाली, आणि विमा नाही!
तो कोन पंचाहत्तरच्या आसपासचाच.
अधिक धरून पाहिलं: पाय भिंतीपासून जवळजवळ शिडीइतका लांब.
अशा शिडीवर ते कधीच चढले नसते.
वजा धरलं: पाव, वर थोडं.
साकानाई, लिहिलं. साकानाई, पुन्हा लिहिलं.
नऊ वर्षांनी त्यांचं ओरडणं कामी आलं.

एकाहत्तर मार्क. टॅनचा प्रश्न कोरा.

काल स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला गेले.
कानाताने ओळख दाखवली नाही, झाकण उघडलं,
नळी लावली, आकड्यांवर डोळे.
शाळेचं विचारणार होते. विचारलं, "टॅनचं कसं रे?"
"खालून," तो म्हणाला, मान वर न करता,
"एक वजा टॅनटॅन. मग वर टॅन अधिक टॅन."
आणि नळी झटकली,
शेवटचा थेंबही टाकीतच पडेल अशी.