चाळणी

पेन्काबाईंनी काउंटरवर काड्यापेटी ठेवली
आणि उघडण्याआधी हातमोजे काढले,
एकेक बोट सुटं करत,
शाळेत हजेरी घ्यायच्या तशा सावकाश.
आत काडी एकही नव्हती. तार होती,
नखाएवढी, टोकाला वाकलेली,
तिला बानित्साचा एक वाळका पापुद्रा चिकटलेला.

"मंगळवारची," त्या म्हणाल्या. "नातवाची जीभ फाटली.
पाच वर्षांचा आहे. दोन दिवस नुसतं ताक पितोय."

मागे रांग. व्हिदिनमध्ये डिसेंबरात
डॅन्यूबवरचं धुकं लोकांच्या कोटांना धरून
थेट दुकानात येतं.
ल्यूबेन भट्टीपासून हात पुसत आला,
तार दिव्याखाली धरली आणि हसला:
"अहो, नव्या वर्षाला तुम्हीच घालता ना बानित्सात नाणं?
ज्याच्या घासात येईल त्याचे मुके घेता.
समजा, यंदा नशीब जरा लवकर आलं."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"नाणं मी घालते," बाई म्हणाल्या,
"आणि कापण्याआधी सगळ्यांना सांगते, जपून चावा.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्याने दोन पाव पुढे सरकवले, फुकट.
मग चार. मग एक अख्खी बानित्सा, वाफाळती,
चीज कडेने ओघळत असलेली.
त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.
त्यांना कागद हवा होता, एका ओळीचा:
ही तार या दुकानातून आली.
खाली सही, तारीख.
ल्यूबेनने लिहिलं: माल परत घेतला.
त्यांनी खोडलं.
त्याने लिहिलं: ग्राहकाच्या समाधानासाठी.
तेही खोडलं, लाल पेनाने.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
पर्समध्ये लाल पेन अजून आहे.

मग रोज सातला त्या रांगेत.
पाळी आली की घ्यायच्या काहीच नाहीत.
"लिहिलंत?" एवढंच,
आणि मागच्याला वाट करून द्यायच्या.
ल्यूबेन म्हणायचा, म्हातारीला दुसरा उद्योग नाही.
पण पावणेसात वाजले की
त्याला भट्टीतलं काहीतरी आठवायचं.

आता माझं.
चाळणी सप्टेंबरातच फाटली होती.
मीच तिला कडेला निळी चिकटपट्टी लावली
आणि ल्यूबेनला दाखवली. तो म्हणाला, सणानंतर बघू.
कोणत्या सणानंतर, हे मी विचारलं नाही.

इन्स्पेक्टर आला त्या सकाळी
खुंटीवर नवी चाळणी, किमतीची चिठ्ठी लोंबत असलेली.
जुनी ल्यूबेनच्या ओपेलच्या डिकीत.
त्याने मला विचारलं, कधीपासून वापरता ही?
मी म्हटलं, मी फक्त काउंटर सांभाळते.
कोपरापर्यंत पीठ होतं माझ्या.
त्याने हात बघितले, मग मला बघितलं,
आणि लिहून घेतलं: काउंटर.

त्या रात्री शटर ओढल्यावर
पावतीच्या रोलचा तुकडा फाडून मी ती ओळ लिहिली.
सही केली. तारीख घातली.
उद्या देऊ म्हणून एप्रनच्या खिशात ठेवली.
उद्या ल्यूबेन शेजारीच उभा होता.
परवा बाई आल्या नाहीत.
तेरवा आल्या, तर मी सुट्टे मोजत राहिले,
मोजलेलेच पुन्हा.
मग एप्रन धुवायला गेला.

घरी आता पाव आणला की मी आधी तो कुस्करते,
कण न् कण बोटांनी चाचपते.
मुलगी ओरडते, आई, हा काय भुगा!
बोटांना काही लागत नाही.
लागलं असतं तर बरं वाटलं असतं.

उद्या एकतीस तारीख. ऑर्डरी सत्तर.
नाणी उकळून फडक्यावर पसरलीत,
एकेक पुसतेय.
खिशात रोलचा नवा तुकडा आहे, अजून कोरा.
सातला दार मीच उघडते.