रिकाम्या जागा भरा

नंदुरबारला जानेवारीत खिडक्या लावूनच शिकवावं लागतं.
पलीकडे मिरचीची पथारी,
वारा फिरला की आठवी ब खोकते,
पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, ओळीने.
कोणीतरी शिंकलं.
मी फळ्यावर लिहिलं : समबडी स्नीझ्ड.
उदाहरण आयतं मिळालं.

मग नियम सांगितला,
बत्तीस वर्षांपूर्वी डी.एड.ला देवरे सरांनी दिला
तसाच, घडी न मोडता :
एव्हरीबडी म्हणजे सगळे, पण क्रियापद एकाचं.
हॅव नाही, हॅज.
अख्खं गाव सुरतेला गेलं तरी हॅज.
"गाव गेलं म्हणतो ना आपण? गावं गेली नाही म्हणत."
हे त्यांना पटलं.
सुरतेचं म्हटलं की त्यांना लगेच पटतं.

पुढचं वाक्य : प्रत्येकाने आपली पेन्सिल आणावी.
एव्हरीबडी मस्ट ब्रिंग हिज पेन्सिल.
रमिला पाडवीने हात वर केला.
"मॅडम, हिज म्हणजे त्याची ना?"
त्याची.
"पण इथं तो कोण आहे?"

एक्केचाळीस मुली. शाळेच्या नावातच कन्या.
पुरुष म्हणाल तर शिपाई नथ्थू अण्णा,
तेही घंटेपाशी, पेन्सिलीशिवाय.

हसू ओसरेपर्यंत मी डस्टर झटकत राहिले.
हिज पुसलं. देअर लिहिलं.
नव्या पुस्तकात तसंच आहे,
मीच ते पान दरवर्षी पटकन उलटते.
"एकटीला देअर? ते तर पुष्कळांचं."
मग जे सुचलं ते बोलून टाकलं :
मामा एकटेच येतात, तरी आपण म्हणतो मामा आले.
इंग्रजीने न पाहिलेल्या माणसाला
तसं अहो-जाहो केलं, असं समजा.
रमिला म्हणाली, "आमच्यात मामाला पण तूच म्हणतात."

आमच्यातही.
माझी आई कलेक्टरला तू म्हणाली होती एकदा, अहिराणीत,
आणि वर पाणी पिऊन जा म्हणाली होती.
हे मी वर्गात सांगितलं नाही.

संध्याकाळी वह्या.
नोबडी डिड नॉट कम, सतरा जणींनी लिहिलंय.
कोणी आलं नाही, याचं शब्दाला शब्द.
चूक कुठे ते मराठीत सांगायला गेले की अडते.
आपलं कोणी शेवटपर्यंत ताटकळत असतं,
वाक्याच्या टोकाला नाही आलं तर गेलं, नाही तर आलं.
त्यांचा नोबडी घरूनच ठरवून निघतो.
मी नॉटवर काट मारते.
अकराव्या की बाराव्या वहीला वाटलं,
नोबडी डिड नॉट कम म्हणजे
सगळेच आले की.
चुलते, सुरतेचे, सगळे.
तरी काट मारली.

रमिलाच्या पानाच्या कडेला लाल बोट उमटलेलं.
तिची शाई निळी आहे, आणि मी अजून पेन टेकवलं नव्हतं.
नाकाशी नेलं वहीला, तेव्हा कळलं.
देठ खुडून आलेलं बोट.
समबडी स्नीझ्ड, या वेळी मी.

दार वाजलं.
दार उघडेपर्यंत मराठीत माणूस नपुंसकलिंगीच असतं :
कोणीतरी आलंय.
"कोन शे?"
"कोनी नही, मी शे."

रमिलाची आई. पथारीवरून थेट,
तोंडावरचं फडकं गळ्यात ओढलेलं.
"पोरनी वही लेवाले उनू."
घरात दुसरी वही नाही,
गणितही याच वहीत, मागच्या पानांवरून उलटं चालू.

पदराला हात पुसून तिने वही धरली,
पान उघडलं, आणि माझ्या काटांवर बोट फिरवलं,
एकेक करून, मिरच्या मोजतात तसं.
"हाई काय शे?"
काही नाही, मी म्हटलं. काहीच नाही.

"काही नही," ती म्हणाली,
"ते लाल काब्र?"