तीन नंबरचा जम्पर

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, स्पेक्ट्रोमीटरशेजारी
मिठाईच्या खोक्यासारखं चपटं ते युनिक्सचं मशीन,
कचरूभाऊ साळवे सोडले तर सगळ्यांत जुनं.
वर दसऱ्याच्या कुंकवाचे थर.

महिनाभर डिस्क कण्हत होती.
"एक थाप मारायची," कचरूभाऊ म्हणाले, "इथं.
जोरात नाही. म्हशीला मारतो तशी."
मग ती उठायची, कार्बन सांगायची, गंधक सांगायची,
आणि भट्टीवाले पुढचा घाण काढायचे.

नवी डिस्क शहागंजातल्या भंगारवाल्याकडची, साडेआठशेला.
नवी म्हणजे जुनीपेक्षा सात वर्षांनी लहान.
अडुसष्ट पिना पन्नासांत बसवल्या,
जम्पर तीनवर,
शेवटी टर्मिनेटर, नाहीतर
आडात हाक मारल्यासारखं
तारेतलं बोलणं तारेतच परत फिरतं.

घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली.
स्क्रीन म्हणाला: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
"मंग तर," कचरूभाऊ म्हणाले,
"माझी माय अजून सातव्या महिन्यात हाय."

रविवार. भट्टी बंद म्हणून लाईट टिकून.
फायली एकेक करून नव्या घरी निघाल्या,
मी नावं वाचत बसलो.
एक मध्येच, रोमन लिपीतलं मराठी:
हीट ४१२ गंधक जास्त. सांगितलं. ऐकलं नाही. व. खं.
एक्कावन्न बाइट.
"खंदारे मॅडम," कचरूभाऊ म्हणाले. "त्या गेल्या मंग."
कुठं ते त्यांनी सांगितलं नाही,
मी चहा ओतला.

अकरा ब्लॉक वाचता आले नाहीत.
त्यांत काय होतं, ते आता त्यांनाच माहीत.

या मशीनच्या रॉमला पहिल्या दोन जीबीपलीकडचं दिसत नाही,
म्हणून उठायला लागणारं सगळं उंबऱ्यालगतच ठेवलं.
मागं चौतीस जीबी, नुसतं पडीक रान.

संध्याकाळी बटण दाबलं.
कचरूभाऊंनी सवयीनं हात उचलला.
"आवाज काहून येईना?"
"चालू आहे."
हात तसाच वर राहिला थोडा वेळ,
मग त्यांनी तो झाकणावर ठेवला,
ताप बघतात तसा.

नमुन्याचा तुकडा लावला. ठिणगी.
कार्बन शून्य पूर्णांक अठरा. बरोबर.

जुनी डिस्क त्यांनी मागून घेतली,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळली.
गेटवरच्या वॉचमननं पिशवी तपासली.
"हे काय?"
"मशीनचं हाय," म्हणाले,
आणि सायकलला टांग मारली.